हिरव्या काचेवरचा अर्धा अंगठा

१

सकाळचा सहाचा भोंगा झाला की देवाजी दाढीचं जुनं पातं बांबूच्या काडीला बांधून समुद्र खरवडायला बसायचा.

हा समुद्र साडेतीन फूट लांब आणि दीड फूट उंच होता. लोखंडी अँगलची चौकट, तिच्यात जाड काचा, फटींत पुट्टी. आत काळे खडक, खडकावर बोराएवढ्या गाठींचं पोवळं, पट्ट्यापट्ट्यांचे दोन मासे, चार गोगलगाई आणि एक समुद्रफूल. ते फूल नव्हतंच, चांगलं तोंड असलेला जीव होता. पाणी आलं होतं थेट विशाखापट्टणमहून. भिलाईच्या कारखान्याची यंत्रं त्या बंदरात उतरायची आणि मालगाडीचा गार्ड शामराव परतीच्या फेरीत खाऱ्या पाण्याचे काचेचे बुधले पेंढ्यात बसवून आणायचा. बंदरावरून लोक मासळी आणतात, हा बाबा नुसतं पाणीच आणतो, म्हणून दुर्गच्या स्टेशनात त्याची यथेच्छ टिंगल व्हायची.

समुद्र होता वेराबाईंचा. वेराबाई म्हणजे भट्टीवरच्या रशियन साहेबाची बायको. जन्म समुद्रकाठचा, त्यामुळे भिलाईच्या लाल धुळीत तिचा जीव रमेना. शेवटी तिनं वर्कशॉपमधून चौकट करवून घेतली आणि समुद्रच दिवाणखान्यात आणून ठेवला. होळी झाली आणि ती पोटाच्या ऑपरेशनसाठी दोन महिने मायदेशी गेली. जाताना तिनं देवाजीचा हात धरून काचेवर टेकवला.

"देवाजी, ये ज़िंदा रखना," ती म्हणाली. "बस, ज़िंदा."

देवाजीनं मान डोलावली. हे काम दुसऱ्या कुणाला सांगा, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाईचे डोळे भरलेले होते. बाई गेली आणि आठव्या दिवशी काचेवर शेवाळाचा पहिला हिरवा डाग दिसला.

२

देवाजीला कोणी काही जिवंत ठेवायला सांगावं, याची त्याला भीती का वाटायची, ते आधी सांगून टाकतो.

वर्षभरापूर्वीपर्यंत तो रेल्वेत होता. काम एकच. गाडी यार्डात उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन तिच्या कडेनं चालायचं आणि प्रत्येक चाकावर ठोका मारायचा. चाक खणखणीत वाजलं तर चांगलं. बद्द वाजलं तर कुठंतरी चीर आहे, डबा बाजूला काढा. देवाजीचा कान इतका तयार होता की बाजारात माठ, नारळ, कढई, सगळं तो बोटानं वाजवून घ्यायचा आणि दुकानदार वैतागायचे.

गाडीच्या दुसऱ्या अंगानं केवलराम चालायचा. केवलराम म्हणजे देवाजीच्या बायकोचा, तुळसाबाईचा, धाकटा भाऊ. उमदा पोरगा. दोन डबे जोडणाऱ्या कपलिंगमध्ये सापडून त्याचा डावा अंगठा अर्धा तुटलेला होता, त्याचंही तो हसू करायचा. दोघांच्या मधे अख्खी गाडी. डब्याखालून एकमेकांच्या फक्त चपला दिसायच्या. डबा तपासून झाला की देवाजीनं चाकावर दोन ठोके द्यायचे, म्हणजे माझी बाजू ठीक. तिकडून दोन ठोके आले की दोघंही पुढच्या डब्याकडे. काही खोट असली तर एकच ठोका. एक ठोका म्हणजे थांब.

मे महिन्यातली दुपार होती, यार्ड लाइनीवरच्या एका आडगावचं, आणि देवाजीची सलग दुसरी ड्युटी. एक चाक बद्द वाजलं. देवाजीनं ते ऐकलं. मग त्याच्या मनात आलं, चिखल बसला असेल, किंवा उन्हानं आपलंच डोकं जड झालंय. त्यानं दोन ठोके दिले. केवलरामनं विश्वासानं दोन ठोके परत दिले. गाडी हलली, चाक तुटलं आणि डबा केवलरामच्या अंगावर कलला.

चौकशीत देवाजीवर काही आलं नाही. ऐकलेला आवाज कोण दाखवणार? त्यानं तुळसाबाईलाही सांगितलं नाही. नोकरी सोडली, हातोडी परत केली आणि शामरावच्या ओळखीनं साहेबाच्या बंगल्यावर कामाला लागला. मागच्या दोन खोल्यांत नवराबायको राहू लागले. आपल्या हाती दिलेलं काही टिकत नाही, हे मात्र त्याच्या मनात घट्ट बसलं होतं.

३

शेवाळ काही ऐकेना.

वेराबाईंनी जाण्याआधी सगळं समजावलं होतं. खाणं कमी, उजेड कमी, दर रविवारी थोडं पाणी बदलायचं, तांब्यापितळेचं भांडं पाण्याजवळ आणायचं नाही. देवाजीनं खिडकीला गोणपाट लावलं. मासे कळवळतील इतकं खाणं तोडलं. पात्यानं काचा घासल्या, खडकांवरचे हिरवे केस कडुनिंबाच्या काडीवर शेवयांसारखे गुंडाळून काढले. संध्याकाळी काच लखलखीत व्हायची आणि सकाळी बघावं तर पुन्हा हिरवीगार. पोवळ्याच्या गाठी शेवाळाखाली पांढऱ्या पडायला लागल्या. समुद्रफूल मिटून सुपारीएवढं झालं.

"मरून राहिलं हे," तो तुळसाबाईला म्हणाला. "बाई येईन तं काय दाखवू तिले?"

"तुमी तं दिवसभर त्याच्यातच बुडून असता. आता अजून का करसान?" ती म्हणाली आणि पदर सावरत आत गेली. ती जरा घाईनंच गेली, पण त्या वेळी त्याच्या ते ध्यानात आलं नाही.

एप्रिल सरता सरता एका सकाळी त्याला काचेवर एक जागा स्वच्छ दिसली. समोरची काच, खालचा डावा कोपरा. बाकी सगळं हिरवं आणि तेवढाच तळहाताएवढा तुकडा निर्मळ. गोगलगाय, त्यानं स्वतःला सांगितलं. गोगलगाई शेवाळ खातात, त्यासाठीच तर ठेवल्यात. त्यानं आत वाकून पाहिलं. चारही गोगलगाई दुसऱ्या टोकाला खडकाखाली होत्या. असतील तिकडे गेल्या, त्यानं ठरवलं आणि सगळी काच खरवडून टाकली.

दुसऱ्या सकाळी तोच कोपरा. तिसऱ्या सकाळी डाग नीट पाहिला तेव्हा त्याला चार पट्टे वेगळे दिसले, कुणी ओल्या पाटीवरून बोटं फिरवावीत तसे. चार पट्ट्यांच्या बाजूला पाचवा होता, आखूड, मधेच तुटल्यासारखा.

आपलाच हात लागला असेल, म्हणून त्यानं काचेला हात लावून पाहिला. पट्टे काचेच्या आतून होते. आणि देवाजीचे दोन्ही अंगठे शाबूत होते.

४

मे लागला. दुपारी बंगल्यात कोणी नसायचं. साहेब भट्टीवर, तुळसाबाई मागच्या खोलीत. दारांवर वाळ्याचे पडदे, बाहेर रस्ता पांढरा पडलेला, आणि दिवाणखान्यात पाण्यात हवा सोडणाऱ्या मोटरची घरघर. देवाजी फरशीवर पाय पसरून समुद्राची राखण करायचा.

एका दुपारी मोटरच्या आवाजातून त्याला एक ठोका ऐकू आला.

टण्, एवढाच. लोखंडावर लोखंड. मग शांतता.

तापलं असेल, त्याला वाटलं. रूळ नाही का उन्हात तडतडत? चौकटही लोखंडाचीच. त्यानं चौकटीला हात लावला. पडदे ओले होते, खोली थंड होती आणि लोखंड गारढोण.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोटर बंद करून पाहिली. अडीचचा सुमार. मासे खडकामागे गेले होते. हिरव्या पाण्यात काही हलत नव्हतं. टण्. आवाज खालच्या डाव्या कोपऱ्यातून आला, नेमका जिथं काच पुसलेली असायची तिथून. देवाजी कान देऊन बसला. दुसरा ठोका येईल म्हणून त्यानं इतकी वाट पाहिली की त्याच्या पायाला मुंग्या आल्या. दुसरा ठोका आला नाही.

त्या संध्याकाळी शामराव पाण्याचा बुधला टाकायला आला. देवाजीनं विचारलं, "शामरावजी, या पेटीत कधी आवाज आइकला का तुमी?"

"पान्याचा आवाज नाई त कायचा येईन बाप्पा?" शामराव म्हणाला. मग त्याच्या तोंडाकडे पाहून जरा जवळ सरकला. "देवाजी, यार्डात परत ये न. तुह्या कानासारखा कान नाई भेटून राहिला आमाले."

"माह्या कानाचं नाव काढू नोका," देवाजी म्हणाला आणि बुधला उचलून आत घेऊन गेला.

५

खडकामागे त्याला एक मऊ, करडा गोळा सापडला, वर बुरशीची लव आलेला. त्यानं तो काडीनं बाहेर काढला, बोटांत चुरडला आणि वास घेतला. कणीक. खडक जरा हलवला तर मागे ढीगभर गोळ्या सडत पडलेल्या.

तुळसाबाई परातीत पीठ मळत होती. देवाजीनं तळहात तिच्यासमोर धरला.

"हे कोनं टाकलं पान्यात?"

ती खोटं बोलली नाही. "मीनं टाकलं."

"कावून?"

"केवल टाके म्हनून. यार्डामागच्या तळ्यात मासोळ्याइले रोज गोळ्या टाके तो, ड्युटीवर जायच्या आंधी. त्याले वरीस होयपर्यंत त्याचा नेम मी चालवून राहिली. इथं मले तळं कुठी भेटते? बाई गेली तवापासून याच्यातच टाकून राहिली. उद्या वरीस होते. मंग नाई टाकनार."

"अवं, त्याच कनकीवर शेवाळ वाढून राहिलं! मी वरून खरवडतो, तू खालून खाऊ घालतं! हेबी मरन आता. माह्या हातानं अजून एक मरन!"

हे वाक्य तोंडातून गेलं. तुळसाबाईचे हात पिठात थांबले. आता मागे फिरायला जागा नव्हती. देवाजी तिथंच खाली बसला.

"तुळसे, मीनं आइकलं होतं. चाक बद्द वाजलं होतं. तरीबी मीनं दोन ठोके देल्ले."

"मले ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कोनं सांगतलं?"

"कोनीच नाई. अवंदा तुमी माठ आनला न, तो पहिल्याच दिवशी गळाले लागला. सारी जिंदगी वाजवून घेनारा मानूस, अन् न वाजवता माठ घेऊन आला. तवाच समजली मी. तुमाले आता काई आइकूच येऊ नये, असं वाटते न?" तिनं मनगटानं डोळे पुसले, कपाळाला पीठ लागलं. "माहा भाऊ होता तो. राग आहे मले, खूप आहे. पन तुमी सांगसान, सांगसान म्हनून वरीस गेलं, त्याचा राग त्याच्याहून मोठा आहे."

देवाजी रडला. पन्नाशीला आलेला माणूस, पोरासारखा हुंदके देऊन रडला. तुळसाबाईनं त्याला उगी केलं नाही. पण उठूनही गेली नाही, तिथंच बसून तिनं सगळी कणीक मळली.

६

दुसऱ्या दिवशी केवलरामला वर्ष झालं. सकाळी नैवेद्य झाला. कणकेची सगळी घाण देवाजीनं खडकामागून उपसून काढली होती, तरी काच हिरवीच होती, आणि कोपऱ्यातला पुसलेला तुकडा आज थेट चौकटीला भिडला होता.

अडीच वाजता ठोका पडला. टण्. एकच.

एक ठोका म्हणजे थांब.

हे आपल्या डोक्यातलं असेल, देवाजीनं मनाशी म्हटलं, दुःखानं माणसाला काहीही ऐकू येतं. पण वर्षभरापूर्वीही आपण असंच काहीतरी म्हटलं होतं, हे त्याला आठवलं. तो उठला, स्वयंपाकघरातून लोखंडी पळी आणली आणि वर्षात पहिल्यांदा कान उघडून लोखंडावर ठोका मारला.

उजवा खांब खणखणीत. वरची पट्टी खणखणीत. मागची, तळाची, सगळी खणखणीत. मग तो खालच्या डाव्या कोपऱ्याशी आला.

बद्द.

त्यानं पुन्हा मारला. बद्द. चिखल नव्हता, ऊन नव्हतं, ड्युटी नव्हती. त्यानं नखानं रंग खरवडला तर मिठानं खाल्लेल्या लोखंडाचे पापुद्रे हातात आले. कोपरा आतून पार पोकळ झाला होता. काच नुसत्या पुट्टीवर उभी होती.

"तुळसे!" तो ओरडला. "भांडे आन! असतीन नसतीन ते सारे आन!"

ती धावत तांब्याची घागर घेऊन आली. "तांबं नाई! तांब्यानं मरतीन ते!" मग एनॅमलचा टब आला, रिकामे बुधले आले, माठ आला. गळका माठसुद्धा आला, तो टबात ठेवला. देवाजीनं रबरी नळी तोंडानं ओढून पाणी खाली सोडलं, तोंडभर खारट झालं. मासे टबात गेले, पोवळ्याचे खडक बुधल्याच्या पाण्यात बुडवले, गोगलगाई माठात. पाणी अर्ध्यावर आलं. "अजून एक भांडं पाहून आनतो," म्हणत तुळसाबाई मागच्या खोलीकडे पळाली.

समुद्रफुलाचा दगड तेवढा राहिला होता, अगदी तळाशी, मागच्या काचेला लागून. देवाजी समोरच्या काचेवर पोट टेकून वाकला, त्यानं कोपरापर्यंत हात हिरव्या पाण्यात घातला. बोटांना दगड लागला.

तेव्हाच त्याच्या डोळ्यांखाली, समोरच्या काचेवर, आतून एक हात फिरला.

सावकाश, डावीकडून उजवीकडे. चार बोटं आणि अर्धा अंगठा. हात असा दिसलाच नाही, त्याच्यामागे शेवाळ पुसलं जाताना तेवढं दिसलं. त्या पुसलेल्या पट्टीतून पलीकडे खोलीची फरशी दिसायला हवी होती. तिथं खडी होती, उन्हानं पांढरी झालेली. खडीवर डब्याची काळी सावली होती आणि सावलीच्या पलीकडे चपला घातलेले दोन पाय, त्याच्याकडे तोंड करून थांबलेले.

टण्.

देवाजीनं दगड उपटला आणि मागे उडी घेतली. कोपरा सुटला. समोरची काच चौकटीतून निसटून, त्याचं पोट जिथं टेकलं होतं तिथं खाली कोसळली आणि उरलेलं हिरवं पाणी फरशीभर झालं. तो भिंतीला पाठ लावून बसला. छातीशी समुद्रफुलाचा ओला दगड, आणि दगडावरचा तो सुपारीएवढा जीव जिवंत होता, हळूच आकसत होता.

त्यानं दगड टबात सोडला. मग पळी उचलली आणि चौकटीच्या चांगल्या खांबावर दोन ठोके दिले. माझी बाजू ठीक.

रिकाम्या चौकटीच्या पलीकडच्या अंगानं, अगदी ओळखीच्या लयीत, दोन ठोके परत आले.

त्यानंतर त्या खोलीत कधीच काही वाजलं नाही.

७

मे संपता संपता वेराबाई परतल्या. फिकट, काठी टेकत. दिवाणखान्यात नवी चौकट होती, या वेळी आतून डांबराचे तीन हात दिलेली. पुढच्या फेरीत शामरावनं सहा बुधले आणले होते. पाणी निवळशंख होतं, खडकाच्या कडेला शेवाळाची एक बारीक रेघ, तीही गोगलगाईंसाठी देवाजीनं मुद्दाम ठेवलेली. पोवळ्याच्या दोन गाठी गेल्या होत्या, बाकीच्यांवर पुन्हा रंग चढत होता. समुद्रफूल वाटीएवढं उमललं होतं. वेराबाई खुर्चीत बसून तासभर त्याच्याकडे पाहत राहिल्या. देवाजीनं गेलेल्या दोन गाठी दाखवल्या, कणकेपासून चौकटीपर्यंतचं सगळं सांगितलं. अंगठ्याचं तेवढं सांगितलं नाही.

"अब मैं यार्ड में जाऊँगा, बाई," तो म्हणाला. "काच देखने को तुळसा है."

पुढच्या रविवारी नवराबायको दुर्गच्या बाजारात गेले. घरातले दोन्ही माठ खाऱ्या पाण्यानं वाया गेले होते, कितीही धुतले तरी पाणी खारटच लागायचं. कुंभारापाशी माठांची रांग होती. तुळसाबाईनं एक उचलला तर देवाजीनं तो हातातून काढून घेतला.

"थांब. आइकू दे."

त्यानं बोटानं वाजवला. खाली ठेवला. दुसरा वाजवला, तोही खाली ठेवला. तिसऱ्या, चौथ्या माठाला कुंभार वैतागला, "घेनं आहे का तबला वाजवनं आहे, भाऊ?" पाचवा माठ खणखणीत वाजला. देवाजीनं तो कानाशी धरला, समाधानानं मान हलवली आणि जुन्या सवयीनं त्याच्या पोटावर दोन ठोके दिले.

रांगेच्या पलीकडे, माठांच्या उतरंडीआड तुळसाबाई उभी होती. माठांच्या फटीतून देवाजीला तिच्या फक्त चपला दिसत होत्या. तिथून, दुसऱ्या कुठल्याशा माठावर, दोन ठोके परत आले.

असे दोन ठोके परत द्यायची खूण देवाजीनं तिला कधी सांगितली नव्हती. आत्ताही त्यानं काही विचारलं नाही. माठ खांद्यावर घेतला आणि तिच्या बाजूनं चालायला लागला.